पॅलेस्टाइनविषयक तोडग्यांची परिभाषा : एक चिकित्सा

१

इस्राएल व पॅलेस्टाइन यांच्यामधील संघर्षावर जे राजकीय तोडगे आजवर सुचविण्यात आले, त्यांपैकी सर्वांत अधिक चर्चिल्या गेलेल्या तोडग्यास मराठी वृत्तपत्रांतून ‘द्विराष्ट्र तोडगा’ किंवा ‘द्विराष्ट्र सिद्धान्त’ असे नाव रूढ झाले आहे. नाव सुटसुटीत आहे. परंतु ज्या कल्पनेसाठी ते योजले जाते, ती कल्पना त्यातून व्यक्त होत नाही. मूळ इंग्रजी संज्ञेत ‘नेशन’ हा शब्द नसून ‘स्टेट’ हा आहे. भारतीय संविधानाच्या परिभाषेत ‘राज्य’ हा शब्द संघाच्या घटकांसाठी वापरला गेल्यामुळे सार्वभौम सत्तेचा निर्देश ‘राष्ट्र’ या शब्दाने करण्याची सवय मराठीस जडली, आणि त्या सवयीतूनच हे भाषांतर झाले असावे.

भाषांतरातील ही चूक निरुपद्रवी नाही. ‘द्विराष्ट्र’ या शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर ‘दोन राष्ट्रे ज्यात नांदतात ते’ असा होतो. आणि असे द्विराष्ट्रीय, परंतु एकच, राज्य पॅलेस्टाइनमध्ये स्थापन व्हावे, असे प्रतिपादणारी एक विचारपरंपरा तेथील ज्यू समाजातच होती. १९२५ साली स्थापन झालेली ‘ब्रित शालोम’ ही मंडळी आणि १९४२ साली जूडा मॅग्नेस व मार्टिन बूबर यांच्या पुढाकाराने निघालेली ‘इहूद’ ही संघटना हे या परंपरेचे प्रमुख प्रवक्ते होत. म्हणजे मराठी वाचक ज्या शब्दाने फाळणीचा बोध करून घेतो, तो शब्द वस्तुतः फाळणीस विरोध करणाऱ्यांच्या कल्पनेला अधिक शोभणारा आहे. शिवाय ‘द्विराष्ट्र सिद्धान्त’ या शब्दसमूहामागे १९४० नंतरच्या भारतीय राजकारणाची जी छाया उभी राहते, तीमुळे पॅलेस्टाइनचा प्रश्न न वाचताच समजल्यासारखा वाटू लागतो, हा आणखी एक अपाय.

प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र एवढ्या एका शब्दापुरता नाही. राष्ट्र, राज्य, प्रदेश, परतणे, सुरक्षितता, मान्यता हे शब्द पॅलेस्टाइनविषयक करारांतून व ठरावांतून ज्या रीतीने योजले गेले, त्या योजनेची चिकित्सा करणे आणि तिच्या आधारे आज पुढे असलेल्या तोडग्यांचे मूल्यमापन करणे, हा त्याचा हेतू आहे. या संहितांतील संदिग्धता ही अपघाताने आलेली नाही. ती बहुधा हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. तेव्हा विचारावयाचा प्रश्न संदिग्धता आहे की नाही हा नव्हे. ती कोणत्या शब्दांत आहे, आणि तिचा अर्थ ठरविण्याचा अधिकार अखेरीस कोणाच्या हाती जातो, हा होय.

२

२ नोव्हेंबर १९१७ चा बाल्फोर जाहीरनामा ही या परंपरेतील पहिली संहिता. इंग्रजीत अवघ्या ६७ शब्दांत मावणाऱ्या या पत्रात ज्यूंसाठी जे स्थापावयाचे त्यास ‘राज्य’ म्हटलेले नाही, ‘राष्ट्रीय गृह’ असे म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय विधीत तोवर या शब्दाला निश्चित अर्थ नव्हता, आणि म्हणूनच तो निवडला गेला. परंतु त्याच वाक्यातील दुसरी निवड अधिक लक्षणीय आहे. त्या वेळी पॅलेस्टाइनच्या लोकसंख्येत सुमारे नऊ-दशांश असलेल्या अरबांचा निर्देश ‘ज्यूंव्यतिरिक्त विद्यमान जमाती’ असा नकारात्मक पद्धतीने झाला आहे. त्यांच्या नागरी व धार्मिक हक्कांस बाध येऊ नये असे म्हटले आहे. राजकीय हक्कांचा उल्लेख नाही. इतर देशांतील ज्यूंच्या संदर्भात मात्र हक्क व राजकीय स्थान असे दोन्ही शब्द आले आहेत. ‘राजकीय’ हे विशेषण लेखकांना ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. ते एका ठिकाणी घातले गेले व दुसऱ्या ठिकाणी गाळले गेले.

अर्धशतकानंतरचे दुसरे उदाहरण भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. जून १९६७ च्या युद्धानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा समितीने २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. त्यातील इंग्रजी वाक्यांशात, अलीकडील संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्राएली सैन्याची माघार सांगताना ‘प्रदेश’ या शब्दामागे निश्चित उपपद नाही. फ्रेंच पाठात मात्र ‘दे तेरितॉआर’ अशी रचना आहे, आणि फ्रेंच व्याकरणानुसार ती निश्चित अर्थाने वाचणे स्वाभाविक ठरते. इस्राएलने इंग्रजी पाठ धरून ‘काही प्रदेश’ असा अर्थ केला. अरब राज्यांनी फ्रेंच पाठ व ठरावाच्या प्रास्ताविकातील ‘युद्धाने प्रदेश मिळविणे अग्राह्य आहे’ हे तत्त्व यांच्या आधारे ‘सर्व प्रदेश’ असा अर्थ केला.

मराठीत उपपदे नाहीत. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून माघार’ असे म्हटले की श्रोता कोणतेही विशेषण नसताना ते प्रदेश सगळेच आहेत असे समजतो. मर्यादित अर्थ अभिप्रेत असेल तर ‘काही’ हा शब्द बोलणाऱ्याला घालावाच लागतो. तेव्हा या ठरावाचे मराठी भाषांतर करणाऱ्यास मुळातील संदिग्धता जशीच्या तशी राखणे जवळजवळ अशक्य आहे. भाषांतरकाराची ही अडचण मूळ रचनेवर प्रकाश टाकते. ठरावाचे मसुदाकार ब्रिटिश प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन व त्यांचे सहकारी यांना एकमत हवे होते, आणि एका उपपदाच्या अभावाने ते मिळवून दिले. त्या एकमताची किंमत अशी पडली की, कोणत्या रेषेपर्यंत मागे जावयाचे हे ठरविण्याचे काम ज्याच्या सैन्याने मागे जावयाचे त्याच्याच हाती राहिले. याच ठरावात निर्वासितांच्या प्रश्नाची ‘न्याय्य सोडवणूक’ सांगितली आहे; परंतु हे निर्वासित कोण, त्यांचे नाव काय, हे संपूर्ण ठरावात कोठेही आलेले नाही. ‘पॅलेस्टिनी’ हा शब्दच त्यात नाही.

शब्दार्थावरील मतभेद किती उघडपणे संहितेतच सामावून घेतले जात, याचा दाखला १९७८ च्या कॅम्प डेव्हिड करारात मिळतो. त्या करारास जोडलेल्या एका पत्रात अध्यक्ष कार्टर यांनी पंतप्रधान बेगिन यांस कळविले आहे की, करारात जेथे ‘पॅलेस्टिनी’ किंवा ‘पॅलेस्टिनी जनता’ असे म्हटले आहे तेथे बेगिन त्याचा अर्थ ‘पॅलेस्टिनी अरब’ असा घेतील, आणि जेथे ‘पश्चिम किनारा’ असे म्हटले आहे तेथे इस्राएल सरकार ‘यहूदिया व सामारिया’ असे समजेल, याची नोंद घेण्यात आली आहे. एकाच करारावर सही करणारे दोन पक्ष एकाच शब्दाचे दोन अर्थ करीत आहेत, हे येथे लेखी मान्य झाले. ज्या जनतेच्या नावाचा अर्थ असा वाटून घेतला गेला, तिचा प्रतिनिधी मात्र त्या बैठकीस हजर नव्हता.

३

ऑस्लो येथील वाटाघाटींनंतर ९ सप्टेंबर १९९३ रोजी जी पत्रे एकमेकांस दिली गेली, त्यांत ही जनता प्रथमच सहीची धनी झाली. तथापि त्या पत्रांतील दोन मान्यता समान तोलाच्या नाहीत. यासर अराफत यांनी इस्राएल राज्याचा शांततेत व सुरक्षिततेत अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. यित्झाक राबिन यांनी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेस पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. एका बाजूने राज्य मान्य झाले, दुसऱ्या बाजूने संघटना. १३ सप्टेंबरच्या तत्त्वघोषणेत पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख नाही. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षाव्यवस्था व सीमा हे विषय अंतिम वाटाघाटींसाठी राखून ठेवले गेले, आणि संक्रमणकाळ पाच वर्षांचा ठरला. तो ४ मे १९९९ रोजी संपला. मुदत टळल्यास कोणी काय करावयाचे, याविषयी संहिता मूक होती.

संक्रमणकाळातील तपशील मात्र सूक्ष्म होता. २८ सप्टेंबर १९९५ च्या करारात पश्चिम किनाऱ्याची अ, ब व क अशा तीन विभागांत वाटणी झाली, आणि सुमारे साठ टक्के भूमी असलेला ‘क’ विभाग पूर्णपणे इस्राएलच्या नियंत्रणाखाली राहिला. अंतिम वाटाघाटींचा निकाल लागेपर्यंत प्रदेशाच्या ‘स्थितीत’ बदल घडविणारे कोणतेही पाऊल कोणीही उचलू नये, असेही त्यात कलम होते. ‘स्थिती’ या शब्दाचा अर्थ पॅलेस्टिनी पक्षाने भूमीवरील वस्तुस्थिती असा केला, तर इस्राएलने केवळ विधिदृष्ट्या असलेले स्थान असा केला. म्हणून प्रदेश औपचारिक रीत्या सामील न करता वसाहती वाढविणे त्याच्या मते कराराचा भंग ठरत नव्हते. पूर्व जेरुसलेम वगळता पश्चिम किनाऱ्यावरील वसाहतींत १९९३ साली सुमारे १ लाख १० हजार इस्राएली राहत होते; २०२३ पर्यंत हा आकडा पाच लाखांवर गेला. संदिग्ध शब्दाचा अर्थ कोशात नव्हे, जमिनीवर ठरत गेला.

संदिग्धतेचा तोटा केवळ एकाच पक्षास झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. इस्राएली नागरिकांस या कराराने सुरक्षितता व शांतता हे शब्द मिळाले. त्या शब्दांचे पालन कोणी करावयाचे आणि पालन न करणाऱ्या गटांस कोणी आवरावयाचे, हे तितकेच अस्पष्ट होते. १९९४ पासून बसगाड्यांतील आत्मघातकी स्फोटांनी त्यांचा विश्वास ढासळला. सप्टेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या उठावात सुमारे एक हजार इस्राएली व सुमारे तीन हजार पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. हमास या संघटनेची भाषाही याच चिकित्सेस पात्र आहे. तिने १ मे २०१७ च्या दस्तऐवजात ४ जून १९६७ च्या रेषांवरील पॅलेस्टिनी राज्याचे सूत्र राष्ट्रीय सहमतीचे म्हणून मान्य केले, आणि त्याच दस्तऐवजात इस्राएलला मान्यता देण्याचे नाकारले. अरबीत ‘हुदना’ म्हणजे मुदतीचा युद्धविराम आणि ‘सुल्ह’ म्हणजे वैर मिटविणारा समेट. हमासच्या नेत्यांनी वेळोवेळी पहिला शब्द देऊ केला, दुसरा कधीही नाही. दोन्ही शब्दांचे भाषांतर ‘शांतता’ या एकाच शब्दाने करणारा वाचक फसतो.

४

यावर एक आक्षेप संभवतो. वाटाघाटींत संदिग्धता ही अनेकदा उपकारक ठरते. सर्व शब्द स्पष्ट केल्यास करारच होणार नाही. या आक्षेपात तथ्य आहे, आणि इतिहास त्यास दुहेरी पुरावा देतो.

पहिला पुरावा १९४७ चा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केलेला १८१ क्रमांकाचा ठराव अतिशय स्पष्ट होता. दोन स्वतंत्र राज्ये, त्यांच्या सीमांचे वर्णन, आर्थिक संघ, जेरुसलेमसाठी आंतरराष्ट्रीय कारभार, १ ऑक्टोबर १९४८ ही अखेरची मर्यादा आणि अंमलबजावणीसाठी पाच सदस्यांचे मंडळ, इतके सर्व त्यात होते. ज्यू प्रतिनिधींनी तो स्वीकारला, अरब पक्षाने नाकारला, आणि परिणाम युद्धात झाला. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले. स्पष्टता असूनही एका पक्षाची संमती नव्हती, आणि ठराव अमलात आणणारी सत्ताही नव्हती.

दुसरा पुरावा १० एप्रिल १९९८ च्या उत्तर आयर्लंडविषयक कराराचा. तो प्रदेश अखेरीस ब्रिटनचा की आयर्लंडचा, हा प्रश्न त्या कराराने मोकळा ठेवला. तेथील रहिवाशांनी स्वतःस ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घ्यावे, ही मुभाही दिली. म्हणजे साध्य संदिग्ध राहिले. परंतु तो प्रश्न पुढे कोण सोडविणार, हे मात्र त्यात निःसंदिग्ध आहे : उत्तर आयर्लंडमधील बहुमताच्या संमतीवाचून त्याच्या स्थानात बदल व्हावयाचा नाही. ऑस्लो करार व हा करार यांतील भेद येथे आहे. दोन्ही करारांनी अंतिम प्रश्न पुढे ढकलला. एकाने त्या प्रश्नाचा निर्णयकर्ता नेमला, दुसऱ्याने नेमला नाही. निर्णयकर्ता नेमलेला नसला की ती जागा बलवान पक्ष घेतो किंवा हिंसा घेते. पॅलेस्टाइनमध्ये दोहोंनीही घेतली.

यावरून कोणत्याही तोडग्याच्या संहितेस लावावयाच्या तीन कसोट्या मांडता येतात. त्यांस कर्ता, काळ व कक्षा असे म्हणणे सोयीचे होईल. कृती कोणी करावयाची, केव्हापर्यंत करावयाची आणि कोणत्या मर्यादेपर्यंत करावयाची, हे वाक्यातूनच निष्पन्न झाले पाहिजे. तिन्हींपैकी एखादी जागा रिकामी ठेवावयाची असल्यास ती भरणारा कोण, हे तरी सांगितले पाहिजे.

५

दोन राज्यांच्या तोडग्यापाशी कक्षेचा आधार सर्वांत भक्कम आहे. १९४९ ची युद्धविराम रेषा नकाशावर दाखविता येते. डिसेंबर २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी मांडलेल्या सूत्रांत पश्चिम किनाऱ्याचा ९४ ते ९६ टक्के भाग व त्याशिवाय काही भूमीची अदलाबदल सुचविली होती. म्हणजे मतभेद टक्क्यांत मोजण्याइतके आटोक्यात आले होते. निर्वासितांविषयीची तीच सूत्रे मात्र पुन्हा शब्दांच्या आश्रयाला गेली. ‘ऐतिहासिक पॅलेस्टाइनकडे’ किंवा ‘आपल्या मायभूमीकडे’ परतण्याचा हक्क, असे दोन पर्याय त्यांत सुचविले होते. घर जेथे होते त्या गावी परतणे हा पॅलेस्टिनींच्या मनातील अर्थ आणि नव्या पॅलेस्टिनी राज्यात येणे हा इस्राएलला सोसणारा अर्थ, हे दोन्ही त्या शब्दांत बसविण्याचा प्रयत्न होता. निर्वासितांच्या वंशजांचे मोठ्या संख्येने परतणे म्हणजे ज्यू बहुमताचा अंत, ही इस्राएली समाजाची धास्ती खोटी नाही; आणि घर गमावलेल्याला त्या घराचा उल्लेखही करता येऊ नये, हेही न्याय्य नाही. अशा ठिकाणी शब्द दुहेरी ठेवण्यापेक्षा हक्काची मान्यता व हक्काची अंमलबजावणी ही दोन वाक्ये वेगळी लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते. मार्च २००२ च्या अरब शांतता प्रस्तावाने, १९४ क्रमांकाच्या ठरावानुसार ‘न्याय्य’ व त्याच वेळी उभय पक्षांना ‘मान्य’ असा उपाय सांगून, त्या दिशेने पाऊल टाकले होते.

या तोडग्याचे वैगुण्य कर्ता व काळ यांच्या बाबतीत आहे. जुलै २०२४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राज्याच्या स्थापनेस विरोध नोंदविला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी त्याच राज्यास मान्यता दिली. एकाने नाव नाकारले, इतरांनी नाव दिले. भूमीचा ताबा बदलला नाही.

एकाच राज्याच्या तोडग्याचे बळ त्याच्या नागरिकत्वाच्या कल्पनेत आहे. जॉर्डन नदी व भूमध्य समुद्र यांमध्ये ज्यू व पॅलेस्टिनी यांची संख्या प्रत्येकी सुमारे सत्तर लाखांच्या घरात असताना सर्वांना एक मत, ही कल्पना तत्त्वतः निर्दोष आहे. एडवर्ड सैद यांनी आयुष्याच्या उत्तरकाळात तिचाच पुरस्कार केला. परंतु ‘नागरिक’ हा शब्द ‘राष्ट्र’ या शब्दाचे काम करू शकत नाही. २०१८ च्या इस्राएली कायद्याने त्या राज्यातील राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क केवळ ज्यू जनतेचा ठरविला व अरबीस अधिकृत भाषेच्या स्थानावरून ‘विशेष दर्जा’वर आणले. दुसरीकडे २००३ च्या पॅलेस्टिनी मूलभूत कायद्याने आपली जनता अरब राष्ट्राचा भाग असल्याचे घोषित केले आहे. दोन्ही समाजांनी आपले राज्य समूहाच्या नावाने मांडलेले असताना, समूहाचे नावच गाळणारी संहिता बहुमताच्या हाती जाईल, ही भीती दोघांनाही वाटते. मॅग्नेस व बूबर यांना हे उमगले होते; त्यांच्या द्विराष्ट्रीय राज्यात समूहांना समान स्थान होते. त्यांच्या कल्पनेस अनुयायी मिळाले नाहीत, हा तिचा दोष तर्काचा नव्हे, संमतीचा होता.

संघाचा तिसरा मार्ग भारतीय अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. १९४७ च्या अकरा सदस्यांच्या चौकशी समितीत भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची अल्पमत योजना मांडली होती. भारताचे प्रतिनिधी सर अब्दुर रहमान हे होते. तीत एक अरब व एक ज्यू राज्य, एकच नागरिकत्व, जेरुसलेम ही राजधानी आणि दोन सभागृहांपैकी एकात उभय समाजांस समान प्रतिनिधित्व अशी व्यवस्था होती. बहुमताच्या योजनेतील ‘स्टेट’ सार्वभौम होते, अल्पमताच्या योजनेतील ‘स्टेट’ घटकराज्य होते. इंग्रजीत शब्द एकच. ज्या भाषेने ‘राज्य’ हा शब्द घटकासाठी वापरला, त्या मराठीच्या वाचकास ही अल्पमत योजना अधिक सहज कळावयास हवी होती. ‘द्विराष्ट्र’ या नावाने तिची वाटच अडविली. अलीकडे इस्राएली व पॅलेस्टिनी कार्यकर्त्यांच्या ‘सर्वांची भूमी’ या चळवळीने दोन सार्वभौम राज्ये व एक सामायिक मायभूमी अशी मांडणी केली आहे. तीत नागरिकत्व व निवास यांची फारकत केली जाते : निर्वासित पॅलेस्टिनी नागरिक राहून इस्राएलमध्ये, आणि वसाहतकार इस्राएली नागरिक राहून पॅलेस्टाइनमध्ये राहू शकेल. ‘परतणे’ या शब्दाची गाठ येथे प्रथमच दुहेरी अर्थाने नव्हे, दोन वेगळ्या शब्दांनी सोडविण्याचा प्रयत्न झाला आहे. निवासाचा हक्क किती जणांस, कोणत्या क्रमाने, आणि तंट्यात कोणाचे पोलीस व कोणाचे न्यायालय, हे त्या मांडणीस अजून सिद्ध करावयाचे आहे. संघाची कल्पना विश्वासावर चालते, आणि विश्वास हीच या भूमीवरील सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे.

६

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली व २५१ जणांस ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२५ च्या अखेरीपर्यंत सत्तर हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला आणि १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सुरक्षा समितीने २८०३ क्रमांकाचा ठराव संमत केला. त्यातील पॅलेस्टिनी राज्यविषयक विधान उपरोक्त कसोट्यांवर पारखावे. पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या सुधारणा प्रामाणिकपणे पार पडल्यावर व गाझाची पुनर्रचना पुढे गेल्यावर, स्वयंनिर्णय व राज्यत्व यांकडे नेणाऱ्या विश्वासार्ह मार्गासाठी आवश्यक ती परिस्थिती अखेर निर्माण झालेली असू शकेल, असा त्याचा आशय आहे. या वाक्यात क्रियापद संभाव्यतेचे आहे, कर्ता ‘परिस्थिती’ आहे, आणि सुधारणा पुरेशा झाल्या हे कोणी ठरवावयाचे, याचा निर्देश त्या वाक्यात नाही. राज्य नव्हे, राज्याकडे नेणारा मार्ग. मार्गही नव्हे, मार्गास अनुकूल परिस्थिती. आणि तीही ‘असू शकेल’. ‘राष्ट्रीय गृह’ या शब्दापासून एकशे आठ वर्षांनी आलेले हे वाक्य त्याच घराण्यातील आहे.

राज्ये एक असावीत, दोन असावीत की त्यांचा संघ असावा, हा निर्णय त्या भूमीवर राहणाऱ्या दोन समाजांचा आहे. परंतु संख्येवरील वादात एक गोष्ट झाकली जाऊ नये. तिन्ही तोडग्यांतील कोणताही एक, कर्ता, काळ व कक्षा उभय पक्षांस सारख्याच स्पष्टतेने सांगणारा असेल, तर तो विचारास पात्र ठरतो. आणि एका पक्षासाठी निश्चित व दुसऱ्यासाठी संभाव्य अशा क्रियापदांनी लिहिलेला कोणताही तोडगा, त्याचे नाव कितीही उदार असले तरी, पुढील युद्धापर्यंतची मुदत ठरतो. स्पष्ट वाक्य शांतता आणीलच असे नाही, हे १९४७ ने दाखविले. अस्पष्ट वाक्याची भरपाई कोणाला करावी लागते, हे त्यानंतरच्या प्रत्येक दशकाने दाखविले आहे.